रोख खरेदीनंतरचे गहाणकर्ज : व्यवहार आणि परिभाषा

१. विषयाचे स्वरूप

एखाद्या व्यक्तीने भाड्याने देण्याच्या हेतूने घर विकत घ्यावे, त्याची संपूर्ण किंमत कर्ज न काढता चुकती करावी, आणि खरेदीखत पूर्ण झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच तेच घर तारण ठेवून कर्ज उभारावे, असा व्यवहार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. ह्या व्यवहाराला तिकडे सामान्यतः ‘रीफायनान्स’ असे म्हणतात. आणि खरेदीनंतर सहा महिन्यांच्या आत तो घडून आल्यास त्याला ‘डिलेड फायनान्सिंग’, म्हणजे विलंबाने केलेली वित्तव्यवस्था, असे निराळे नाव आहे. एकाच व्यवहाराची ही दोन नावे परस्परांशी जुळत नाहीत, ही गोष्ट प्रथमदर्शनीच लक्षात येते. पहिल्या नावातील उपसर्ग असे सांगतो की, वित्तव्यवस्था पूर्वी एकदा झालेली होती व आता ती पुन्हा होत आहे. दुसरे नाव असे सांगते की, ती पूर्वी झालेलीच नव्हती. ती आता, उशिरा का होईना, प्रथमच होत आहे. ह्या दोहोंपैकी कोणते नाव वस्तुस्थितीला धरून आहे, हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. किती कर्ज मिळेल व ते केव्हा मिळेल हे पुष्कळ अंशी ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना, तसेच अशा खरेदीसाठी त्यांना पैशाची मदत करणाऱ्या महाराष्ट्रातील आप्तांना, ह्या व्यवहाराशी संबंध येण्याचा संभव असतो. अशा वेळी कागदपत्रे इंग्रजीत असतात, परंतु घरातील विचारविनिमय मराठीत चालतो. ‘रोख’, ‘उसने’, ‘गहाण’, ‘पुनर्वित्त’ हे शब्द ज्या अर्थच्छटांसह मराठी मनात वसत असतात, त्या छटा अमेरिकन कर्जनियमांतील संकल्पनांशी तंतोतंत जुळत नाहीत. आणि जेथे त्या जुळत नाहीत तेथेच नुकसान संभवते. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम व्यवहाराचे स्वरूप व नियम सांगून नंतर त्यातील प्रमुख शब्दांचा विचार केला आहे.

२. रोखीने खरेदी करण्याची कारणे

ज्याला पुढे कर्ज काढावयाचेच आहे त्याने ते खरेदीच्या वेळीच का काढू नये, अशी शंका साहजिकच येते. ह्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण वेळेचे. कर्जाचा अर्ज, उत्पन्नाची छाननी, घराचे मूल्यांकन व हक्कतपासणी ह्या सर्व पायऱ्या पूर्ण होण्यास काही आठवडे जातात. कर्ज नामंजूर झाल्यास विक्रेत्याचा सौदा फिसकटतो. साहजिकच दोन ग्राहक समान किंमत देऊ करीत असतील, तर विक्रेता कर्जाची अट न घालणाऱ्या ग्राहकाला पसंती देतो. प्रसंगी त्याला किंमतही थोडी कमी करून देतो. दुसरे कारण विक्रीच्या प्रकाराचे. कर्ज थकल्यामुळे जप्त होऊन लिलावात निघालेली घरे घेताना रक्कम तत्काळ अथवा फार थोड्या मुदतीत भरावी लागते, आणि तेवढ्या अवधीत नेहमीचे गहाणकर्ज उभे राहू शकत नाही. तिसरे कारण घराच्या स्थितीचे. छप्पर गळके, पाण्याचे नळ निकामी, जिने मोडकळीस आलेले, अशा घरावर बहुतेक सावकारी संस्था कर्ज देत नाहीत. ते दुरुस्त झाल्यावर मात्र देतात.

रोखीने घर घेतल्याने खरेदी साधते, परंतु भांडवल अडकून पडते. ते मोकळे करून त्यातून दुसरे घर घ्यावयाचे असेल, तर घेतलेल्या घरावर कर्ज काढणे हाच एक मार्ग उरतो. घर घ्यावे, दुरुस्त करावे, भाड्याने द्यावे, त्यावर कर्ज काढावे आणि पुन्हा दुसरे घ्यावे, ह्या चक्राला अमेरिकन गुंतवणूकदारांनी आद्याक्षरांवरून ‘बर्र’ असे सुटसुटीत नावही दिले आहे. ह्या चक्राचा वेग त्यातील चौथ्या पायरीवर अवलंबून असतो, आणि नियमांचे सर्व बंधन नेमके त्याच पायरीवर आहे.

३. सहा महिन्यांचा नियम आणि त्याचा अपवाद

अमेरिकेतील घरकर्जांच्या अटी पुष्कळ अंशी फॅनी मे व फ्रेडी मॅक ह्या दोन संस्था ठरवितात. फॅनी मे १९३८ साली व फ्रेडी मॅक १९७० साली स्थापन झाली. ह्या संस्था ऋणकोला स्वतः कर्ज देत नाहीत. बँकांनी व इतर सावकारी संस्थांनी दिलेली कर्जे त्या विकत घेतात. कर्ज पुढे विकावयाचे असल्यामुळे बँका ते ह्या संस्थांच्या मार्गदर्शिकेत बसेल अशाच रीतीने देतात. सप्टेंबर २००८ मधील अर्थसंकटात ह्या दोन्ही संस्था सरकारी देखरेखीखाली आणण्यात आल्या. त्याआधीच्या वर्षांत घर स्वस्तात घ्यावयाचे, फुगविलेले मूल्यांकन मिळवावयाचे व त्यावर किंमतीहून अधिक कर्ज काढून बाजूला व्हावयाचे, असे गैरप्रकार घडलेले होते. मालकी काही काळ स्थिर झाल्याशिवाय घरावर रोकड काढू देऊ नये, ह्या अटीचे मर्म ह्या अनुभवाच्या प्रकाशात समजून घेतले पाहिजे.

फॅनी मे संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार घरावर कर्ज काढून त्यातील रक्कम हाती घ्यावयाची असल्यास, कर्जाची रक्कम वितरित होण्यापूर्वी निदान एका ऋणकोचे नाव मालकीहक्कावर कमीत कमी सहा महिने असावे लागते. हा सामान्य नियम होय. रोखीने खरेदी करणाराला सहा महिने थांबावे न लागावे म्हणून त्याला अपवाद करण्यात आला आहे. त्याच्या मुख्य अटी अशा : खरेदीच्या तारखेपासून नव्या कर्जाच्या वितरणापर्यंत सहा महिन्यांहून अधिक काळ गेलेला नसावा, मूळ खरेदी परस्परांशी हितसंबंध नसलेल्या पक्षांमध्ये झालेली असावी, खरेदीच्या हिशेबपत्रकावरून त्या घरावर कर्ज काढून ते घेतलेले नाही असे दिसावे, हक्कतपासणीत घरावर कोणताही बोजा आढळू नये, आणि खरेदीसाठी वापरलेला पैसा कोठून आला ह्याचा लेखी पुरावा असावा.

ह्याखेरीज रकमेवर दोन मर्यादा आहेत. एक, नवे कर्ज हे खरेदीत प्रत्यक्ष गुंतविलेली व पुराव्याने सिद्ध होणारी रक्कम अधिक नव्या कर्जाचा खर्च ह्यांहून जास्त असता कामा नये. दोन, ते घराच्या चालू मूल्यांकनाच्या ठराविक टक्क्यांहून अधिक असता कामा नये. गुंतवणुकीसाठी घेतलेल्या एका बिऱ्हाडाच्या घराला ही टक्केवारी ७५, व दोन ते चार बिऱ्हाडांच्या घराला ७० अशी आहे. दोहोंपैकी जी मर्यादा कमी भरेल ती लागू होते. ह्या संस्थांना कर्जे न विकणारे खाजगी सावकारही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काही घराच्या भाड्यातून हप्ता कितपत भागतो एवढेच प्रामुख्याने पाहतात. त्यांच्या अटी निरनिराळ्या असतात व व्याजाचा दर बहुधा चढा असतो.

४. एक काल्पनिक उदाहरण

वरील नियम आकड्यांत मांडल्यावाचून नीट उमगत नाही. एका गृहस्थाने एका बिऱ्हाडाचे घर एकंदर २,००,००० डॉलर देऊन घेतले, दुरुस्तीवर २५,००० डॉलर खर्च केले, व तिसऱ्या महिन्यात कर्जासाठी अर्ज केला असे समजू. नव्या कर्जाचा खर्च ५,००० डॉलर धरू. पहिली मर्यादा २,०५,००० डॉलरची झाली. दुरुस्तीचा खर्च तीत धरला जात नाही, कारण तो खरेदीचा खर्च नव्हे.

मूल्यांकन २,६०,००० डॉलर आले, तर त्याचे ७५ टक्के म्हणजे १,९५,००० डॉलर. ही दुसरी मर्यादा कमी असल्यामुळे तीच लागू होईल, आणि खर्च वजा जाता गृहस्थाच्या हाती १,९०,००० डॉलर येतील. एकंदर २,२५,००० डॉलर गुंतविले असल्याने ३५,००० डॉलर घरात राहतील. मूल्यांकन ३,००,००० डॉलर आले, तर त्याचे ७५ टक्के २,२५,००० होतात. परंतु आता पहिली मर्यादा आड येते व कर्ज २,०५,००० डॉलरवर थांबते. सहा महिने पुरे झाल्यावर सामान्य नियमाने अर्ज केला, तर खरेदीच्या रकमेची मर्यादा गळून पडते आणि २,२५,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळू शकते. मूल्यांकन १,८०,००० डॉलरच आले, तर मात्र कर्ज १,३५,००० डॉलरवर थांबेल, हाती १,३०,००० येतील, व दुरुस्तीसह ९५,००० डॉलर अडकून पडतील.

ह्यावरून असे दिसेल की, सहा महिन्यांच्या आत काढलेल्या कर्जाचे कार्य केवळ खरेदीत घातलेला पैसा परत मिळवून देणे हे आहे. वाढलेल्या किंमतीचा लाभ पदरात पाडून देणे हे नाही. नियमाच्या दृष्टीने हे कर्ज म्हणजे खरेदीच्या वेळी न काढलेले परंतु काढता आले असते असे कर्ज होय. अर्थात ‘विलंबित’ हे नावच त्याला शोभते. ‘पुनः’ हा उपसर्ग केवळ कचेरीच्या वर्गीकरणातून त्याला येऊन चिकटला आहे. घरावर आधीच असलेला मालक नवे कर्ज काढतो, एवढ्यावरून ते ‘रीफायनान्स’ च्या रकान्यात पडते; आणि व्याजदरही खरेदीच्या कर्जाचा नव्हे, तर रोकड काढून घेण्याच्या कर्जाचा, म्हणजे किंचित चढा, लागतो.

५. ‘रोख’ ह्या शब्दाची व्याप्ती

मराठीत ‘रोख’ हा शब्द ‘उधार’ ह्या शब्दाच्या विरोधात उभा असतो. ‘आज रोख, उद्या उधार’ ही दुकानातील पाटी सर्वांच्या परिचयाची आहे. तेव्हा रोखीने घेतले म्हणजे कोणाचेही देणे न करता घेतले, असा अर्थ मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभा राहतो. शिवाय भारतातील मालमत्तेच्या व्यवहारांच्या संदर्भात ‘रोख’ म्हणजे नोटांच्या स्वरूपात दिलेली, हिशेबाबाहेरची रक्कम अशी आणखी एक अनिष्ट छटा त्याला चिकटली आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून बंदी घातली, ती ह्याच प्रथेला आळा घालण्यासाठी.

अमेरिकन कर्जनियमांतील ‘कॅश’ ह्या शब्दात ह्यांपैकी एकही अर्थ आवश्यक नाही. पैसा बँकेमार्फतच दिला जातो. आणि तो स्वतःचाच असला पाहिजे असेही नाही. स्वतःच्या राहत्या घरावर घेतलेले कर्ज, रोख्यांच्या तारणावर घेतलेले कर्ज किंवा विनातारण वैयक्तिक कर्ज ह्यांतून उभा केलेला पैसाही ‘कॅश’ च ठरतो. अट एवढीच की, जे घर विकत घेतले त्या घरावर बोजा नसावा. म्हणजे ‘रोख’ हे विशेषण येथे पैशाचे नसून घराच्या स्थितीचे आहे. मराठीत ह्या अर्थाला सर्वांत जवळचा शब्द ‘रोख’ नव्हे, तर ‘बिनबोजाची’ हा होय. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ ह्या सदरात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढतो व कर्ज फिटल्यावर तो उतरविला जातो, ही भाषा महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारातील आहे. आणि अमेरिकन हक्कतपासणीत जे पाहिले जाते ते नेमके हेच आहे.

ह्या भेदाचा व्यावहारिक परिणाम असा की, ज्याने उसनवारीच्या पैशाने ‘रोख’ खरेदी केली असेल, त्याला नव्या कर्जातून हाती येणारी रक्कम आधी त्या मूळ देण्याकडे वळवावी लागते. नव्या कर्जाच्या हिशेबपत्रकात तसे स्पष्ट नोंदविले जावे लागते. ते देणे पूर्ण न फिटल्यास त्याचा उरलेला हप्ताही ऋणकोच्या परतफेडीच्या क्षमतेतून वजा धरला जातो.

६. ‘उसने’ आणि ‘दिलेले’

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न आप्तांकडून आलेल्या पैशाचा आहे. मुलाने अमेरिकेत घर घ्यावयाचे ठरविले व पुण्याहून वडिलांनी काही रक्कम पाठविली, तर ती रक्कम भेट की कर्ज, ह्याचा उच्चार बहुधा होतच नाही. मराठीत ‘हातउसने’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. त्यात व्याज नसते, मुदत नसते, कागद नसतो. परंतु परत करण्याची भावना असते. ‘तुला जमेल तेव्हा दे’ ह्या वाक्याने भेट आणि कर्ज ह्यांमधील सीमा मुद्दामच धूसर ठेवली जाते, कारण ती स्पष्ट करणे हे आपलेपणाला सोडून आहे असे मानले जाते. पाठविणाऱ्या वडिलांना ती रक्कम परत मागावयाची नसते. मुलाला ती परत न करता राहवत नाही.

अमेरिकन नियमाला ही धूसरता चालत नाही. तो दोनच खाणी ओळखतो. रक्कम भेट असेल, तर ती नव्या कर्जातून भरून घेता येत नाही. रक्कम कर्ज असेल, तर तिचा लेखी करार असावा लागतो व नव्या कर्जातून तिची फेड व्हावी लागते. वरच्या उदाहरणात २,००,००० डॉलरपैकी ४०,००० डॉलर वडिलांची भेट म्हणून नोंदले गेले, तर पहिली मर्यादा २,०५,००० वरून १,६५,००० डॉलरवर येते. मूल्यांकन २,६०,००० आले तरी कर्ज १,६५,००० डॉलरच मिळेल, म्हणजे तीस हजार डॉलरचा फरक पडेल. आणि गंमत अशी की, जो मुलगा ते चाळीस हजार वडिलांना परत करण्यासाठीच हे कर्ज काढीत होता, त्याचाच हेतू असफल होईल.

येथे दोष कोणाचा नाही. एका भाषेत ज्या संबंधाला सन्मानाने नाव न देण्याची पद्धत आहे, त्या संबंधाला दुसऱ्या व्यवस्थेत खरेदीपूर्वीच नाव द्यावे लागते, एवढाच ह्याचा अर्थ. पैसा पाठविण्यापूर्वीच तो कोणत्या स्वरूपाचा आहे हे पितापुत्रांनी ठरवून खरेपणाने लेखी नमूद करणे हा एकच मार्ग आहे. मागाहून सोयीस्कर कागद तयार करणे हे नियमबाह्य तर आहेच. परंतु कर्जाच्या अर्जात खोटे निवेदन करणे हा तेथे गंभीर गुन्हा आहे.

७. गहाण, तारण आणि ‘मॉर्गेज’

‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहण’ ह्या शब्दापासून आलेला आहे. त्यात घेण्याची क्रिया आहे. म्हणजे धनकोच्या बाजूने पाहिलेला हा व्यवहार आहे. ‘तारण’ हा शब्द तरणे-तारणे ह्या धातुपरिवारातील असून त्यात पैसा बुडू न देण्याची कल्पना आहे. बोलण्यात वस्तू ‘गहाण टाकली’ जाते व पुढे ‘सोडविली’ जाते. तारण मात्र ‘दिले’ जाते. पहिल्यात वस्तू गेल्याची खंत आहे, दुसऱ्यात केवळ खात्री आहे. बँकांनी आपल्या कागदपत्रांत ‘तारण’ ह्या शब्दाला अधिक जवळ केले, ते ह्या भेदामुळेच असावे.

इंग्रजीतील ‘मॉर्गेज’ ह्या शब्दाचा जुन्या फ्रेंच भाषेतील अर्थ ‘मृत तारण’ असा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या कायदेग्रंथात जिवंत व मृत अशी दोन गहाणे सांगितली आहेत. जमिनीचे उत्पन्न घेऊन त्यातून मुद्दल कमी होत जात असेल, तर ते जिवंत गहाण. उत्पन्न धनकोने घ्यावयाचे पण मुद्दल तसेच राहावयाचे, तर ते मृत. पंधराव्या शतकात लिटल्टनने त्याच शब्दाची निराळी उपपत्ती दिली : ऋणकोने मुदतीत पैसे न दिल्यास जमीन त्याला मेली, आणि दिल्यास तारण धनकोला मेले. शब्द तोच राहिला, पण व्यवहार बदलल्यामुळे व्युत्पत्तीचा अर्थ नव्याने लावावा लागला, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

धर्मशास्त्रात गहाणाला ‘आधि’ म्हणतात व याज्ञवल्क्यस्मृतीच्या परंपरेत त्याचे गोप्य व भोग्य असे भेद केले आहेत. गोप्याधी केवळ जपून ठेवावयाचा. भोग्याधीचा उपभोग धनकोने व्याजाच्या बदली घ्यावयाचा. ग्लॅनव्हिलचे मृत गहाण व भोग्याधी ह्यांतील साम्य उघड आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५८ व्या कलमात गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कब्जेगहाण हे भोग्याधीचे वंशज म्हणता येईल, व शर्तीच्या विक्रीने होणारे गहाण मराठीत ‘मुदतखरेदी’ म्हणून ओळखले जाते. कब्जा न देता केलेल्या तारणाला ‘नजरगहाण’ हा मार्मिक शब्द आहे : वस्तू ऋणकोकडेच राहते, धनकोची तिच्यावर फक्त नजर असते. अमेरिकन घरकर्ज अर्थदृष्ट्या ह्याच जातीचे आहे. घर मालकाच्या ताब्यात राहते, भाडेही तोच घेतो. धनकोकडे असतो तो केवळ नोंदविलेला हक्क.

ह्याच प्रदेशातील आणखी एक शब्द म्हणजे ‘इक्विटी’. हप्त्याची तारीख चुकली तरी पैसे भरून जमीन सोडविण्याची मुभा इंग्लंडमधील समन्यायाच्या न्यायालयांनी ऋणकोला दिली. त्या सोडविण्याच्या हक्कावरून पुढे घराच्या किंमतीतून कर्ज वजा जाता उरणाऱ्या मूल्यालाच ‘इक्विटी’ म्हणू लागले. मराठी परिभाषेत ‘समन्याय’ व ‘समभाग’ हे दोन प्रतिशब्द आढळतात. पहिला न्यायशास्त्रात व दुसरा कंपनीव्यवहारात ठीक आहे, परंतु घराच्या संदर्भात दोन्ही निरुपयोगी आहेत. ‘मोकळे मूल्य’ असा साधा शब्द योजल्यास कर्जातून मोकळे होणे, गहाण मोकळे करणे, ह्या रूढ प्रयोगांशी तो सहज जुळतो.

८. ‘पुनर्वित्त’ हा प्रतिशब्द चालेल काय ?

‘रीफायनान्स’ ला ‘पुनर्वित्त’ हा प्रतिशब्द तयारच आहे असे वाटते. अडचण अशी की, भारतीय बँकव्यवहारात तो दुसऱ्याच अर्थाने रूढ झाला आहे. १९८२ साली स्थापन झालेली नाबार्ड ही संस्था सहकारी व ग्रामीण बँकांना, आणि १९८८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय आवास बँक ही गृहकर्ज देणाऱ्या संस्थांना, त्यांनी वाटलेल्या कर्जांपोटी पैसा पुरविते. त्याला पुनर्वित्त म्हणतात. येथे घेणारा ग्राहक नसून बँक आहे. ऋणकोने जुने कर्ज फेडून स्वस्त दराचे नवे काढणे ह्याला भारतात बोलीत ‘बॅलन्स ट्रान्सफर’ किंवा ‘कर्ज फिरविणे’ असे म्हणतात. आणि प्रस्तुत व्यवहारात तर फेडावयाचे किंवा फिरवावयाचे त्या घरावरील जुने कर्जच नसते. म्हणून ‘खरेदीपश्चात् गहाणकर्ज’ हा शब्दप्रयोग, थोडा लांब असला तरी, अधिक नेमका आहे.

योग्य नावाचा प्रश्न करआकारणीतही उपस्थित होतो. अमेरिकेत कर्जावरील व्याजाची वजावट सामान्यतः घर कोणते तारण दिले ह्यावरून नव्हे, तर कर्जाची रक्कम कशासाठी वापरली ह्यावरून ठरते. भाड्याच्या घरावर कर्ज काढून मुलीच्या लग्नाचा खर्च केला, तर ते व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. स्वतः राहावयाच्या घराच्या बाबतीत खरेदीनंतर ९० दिवसांत काढलेले कर्ज खरेदीचेच मानण्याची सवलत आहे. भाड्याच्या घराला ती तशीच लागू आहे असे समजून चालणे चूक ठरेल. भारतात १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम २४ नेही मालमत्तेच्या संपादनासाठी, बांधकामासाठी वा दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट दिली. म्हणजे कसोटी हेतूची ठेवली. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सदनिकेवर मागाहून काढलेले कर्ज हे संपादनासाठी काढलेले कर्ज होय, असे सिद्ध करणे म्हणूनच अवघड असते. महाराष्ट्रातही असे कर्ज बहुधा गृहकर्जाच्या नव्हे, तर मालमत्ता-तारण कर्जाच्या सदरात पडते, व त्याचा दर गृहकर्जाहून अधिक असतो.

९. व्यवहारातील धोका

ह्या सर्व योजनेचा पाया असा आहे की, खरेदीनंतर कर्ज निश्चित मिळेल व परवडेल अशा दराने मिळेल. ह्यातील एकही गोष्ट खरेदीच्या दिवशी निश्चित नसते. फ्रेडी मॅकच्या साप्ताहिक पाहणीतील तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के इतका खाली होता; ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. गुंतवणुकीच्या घराला ह्याहून चढा दर पडतो. वरच्या उदाहरणातील १,९५,००० डॉलरचे कर्ज साडेतीन टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ८७६ डॉलर पडतो. साडेसात टक्क्यांनी घेतले तर तोच सुमारे १,३६३ डॉलर होतो. घराचे भाडे कर व विमा जाता १,१०० डॉलर उरत असेल, तर पहिल्या स्थितीत ते घर मालकाला पोसते व दुसऱ्या स्थितीत मालकाला ते पोसावे लागते.

ज्याचा पैसा स्वतःचा आहे त्याला अशा वेळी थांबता येते. भांडवल अडकले तरी घर बोजाविना हातात असते. परंतु ज्याने राहत्या घरावर कर्ज काढून ‘रोख’ खरेदी केली, त्याला थांबता येत नाही. मूल्यांकन कमी आले, नोकरी सुटली किंवा दर चढले, तर गुंतवणुकीच्या घराचा धोका राहत्या घरापर्यंत येऊन पोचतो. ‘रोख’ ह्या शब्दातील निश्चिंततेची छटा सर्वांत घातक ठरते ती येथे.

१०. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. अमेरिकन नियमांतील ‘कॅश’ ही पैशाची नव्हे, तर बोजा नसण्याची अट आहे. सहा महिन्यांच्या आतील कर्ज घातलेला पैसा परत देते, वाढीव मूल्य देत नाही. वाढीव मूल्य हवे असेल तर थांबले पाहिजे. आप्तांकडून आलेली रक्कम भेट की कर्ज हे खरेदीपूर्वी ठरले पाहिजे. आणि व्याजाची वजावट तारणाला नव्हे, तर विनियोगाला जोडलेली असते. ह्यांपैकी प्रत्येक मुद्द्यावर होणारी चूक ही मुळात शब्दाच्या अर्थाची चूक आहे.

परिभाषेच्या दृष्टीने पाहता, ह्या व्यवहारासाठी मराठीला नवे शब्द घडवावे लागतात ते फार थोडे. बोजा, तारण, नजरगहाण, मुदतखरेदी, हातउसने हे शब्द अर्थाने काटेकोर असून व्यवहारात रुळलेले आहेत. परिभाषाकारांनी इंग्रजी शब्दाच्या घटकांचे संस्कृत रूपांतर करण्याऐवजी तालुक्याच्या कचेरीत व सोसायटीच्या दप्तरात चालणाऱ्या ह्या शब्दांची अर्थव्याप्ती तपासावी. अशा शब्दांचा पद्धतशीर संग्रह, त्यांच्या प्रदेशनिहाय अर्थभेदांसह, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी घेण्याजोगा विषय आहे. आणि त्याचा उपयोग कर्जाच्या कागदावर सही करावयास बसलेल्या सामान्य माणसालाही होईल.